आठ माणसं आणि अर्ध्या तासाचा उजेड

सह्याद्रीत सूर्य रेंगाळत मावळत नाही, तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. आपण विषुववृत्तापासून अठरा-एकोणीस अंशांवर राहतो, त्याचा हा परिणाम. लांब सावल्यांचा जो मऊ उजेड निसर्गचित्रणात सगळ्यांना हवा असतो, तो सूर्य क्षितिजापासून सहा अंशांवर आला की सुरू होतो असं धरलं, तर आपल्याकडे तो साधारण अर्धा तास टिकतो. लंडनमध्ये हाच उजेड मार्चात पाऊण तास आणि जूनमध्ये तासभर राहतो. सूर्य बुडाल्यानंतरचा संधिप्रकाश इथे बावीस-चोवीस मिनिटांत आटोपतो. लंडनला जूनमध्ये त्याला पाऊण तास लागतो. फोटोग्राफीवरची बरीचशी गाजलेली पुस्तकं, आणि आता बरेचसे व्हिडिओही, अशा उत्तरेकडच्या उजेडात तयार झालेले आहेत. त्यातला ‘सोनेरी तास’ मनात धरून हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोचलेला नवखा माणूस ट्रायपॉडचे पाय उघडून, लेन्स बदलून, फिल्टर शोधेपर्यंत निम्मा उजेड गमावून बसतो. तीच गोष्ट दुपारची. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेरीस मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, काठीची सावली काठीच्या पायाशीच पडते. त्या उजेडात डोंगराचे उठाव दिसेनासे होतात आणि अख्खी रांग पुठ्ठ्यासारखी सपाट दिसते. आपला प्रकाश आपल्या भूमीचा आहे, आणि तो इथेच उभं राहून शिकावा लागतो.

या अर्ध्या तासाचा एक साधा हिशेब मांडता येतो. एका शिक्षकाबरोबर आठ जण असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचार मिनिटं येतात. पंचवीस जण असतील तर मिनिट-सव्वा मिनिट. पावणेचार मिनिटांत शिक्षक तुमच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर टाकू शकतो, तुम्हाला नेमकं काय टिपायचं होतं हे विचारू शकतो, एक बदल सुचवू शकतो आणि तो बदल करून काढलेला दुसरा फोटोही पाहू शकतो. सव्वा मिनिटात तो एखादी चकती फिरवून देऊन पुढच्याकडे जातो. निसर्गरम्य ठिकाणच्या सहलींमधून आणि छोट्या गटाच्या कार्यशाळांमधून फोटोग्राफी शिकणं हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि त्याबद्दल मला सांगायचं आहे ते या हिशेबातच आलेलं आहे. फोटो म्हणजे जागेवर, उजेड सरत असताना घेतलेला निर्णय. तो शिकवायचा तर निर्णय चुकतो त्या वेळी, त्याच जागी, चूक दाखवणारं माणूस हजर लागतं. गाडी, मुक्काम, पहाटेचा चहा, वाटाड्या, हे सगळं त्या एका दुरुस्तीची सोय म्हणून असतं. ज्या सहलीत ती दुरुस्ती घडत नाही, ती सहल म्हणून उत्तम असू शकेल. शिक्षण म्हणून तिचा उपयोग फार थोडा.

निर्णय म्हणजे काय, हे पावसाळ्यातल्या एखाद्या धबधब्यासमोर सगळ्यात स्वच्छ कळतं. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, भिजला की काळाकुट्ट. त्यावरून कोसळणारं पाणी पांढरं. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीनं मधल्या करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरून चालतो. फ्रेममध्ये कातळ जास्त आला की त्याला वाटतं अंधार आहे; तो जादा उजेड आत घेतो, कातळ राखाडी होतो आणि पाण्यातला प्रत्येक तपशील जळून पांढरा ठिपका उरतो. दहा मिनिटांनी दरीतून धुकं वर आलं की उलटं होतं. आता सगळीकडे पांढरं, म्हणून मापक उजेड तोडतो आणि धुकं मळक्या फडक्यासारखं दिसतं. पहिल्या वेळी एक्स्पोजर कमी करायचं, दुसऱ्या वेळी वाढवायचं. हा नियम एका ओळीत लिहिता येतो, पण दृश्य दहा मिनिटांत बदलल्याचं लक्षात येणं आणि हात आपोआप त्या चकतीकडे जाणं ही सवय ओळ वाचून लागत नाही. पुढे शटरचा प्रश्न येतो. अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं तर पाणी रेशमासारखं वाहतं, पण कडेचं ओलं गवत वाऱ्यानं हलत असतं, त्याचा चिखल होतो. सेकंदाच्या पाचशेव्या भागात टिपलं तर थेंबन्‌थेंब थिजतो, मात्र पाण्याची ओढ हरवते. पोलरायझर लावला तर ओल्या पानांवरची चमक उतरून हिरवा रंग खुलतो, पण तो फिल्टर निम्म्याहून अधिक उजेड खातो, म्हणजे शटर आणखी लांबतं आणि गवत आणखी हलतं. इथे बरोबर उत्तर नावाची वस्तूच नाही. काय राखायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवण्यासाठी आपल्याला त्या धबधब्यातलं नेमकं काय भावलं हे आधी स्वतःला विचारावं लागतं. चांगला शिक्षक शेजारी उभा राहून हाच प्रश्न विचारतो. वारा पडायची वाट पाहा, असं तो सांगतो. दोन मिनिटांनी वारा खरंच पडतो, आणि वाट पाहणं हाही छायाचित्रणाचा भाग आहे हे शिकणाऱ्याच्या अंगी उतरतं. संगीतातल्या तालमीशी याचं जवळचं नातं आहे. स्वर उतरला की गुरू तिथेच थांबवतात, दुसऱ्या दिवशी पत्र लिहून कळवत नाहीत.

ही पद्धत नवी नाही, आणि तिला मोठी परंपरा आहे. अमेरिकेतले निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनी योसेमिटीच्या दरीत १९४० साली एका कार्यशाळेत शिकवलं; १९५५ पासून तर तिथे दर वर्षी कार्यशाळा भरू लागल्या आणि पंचवीसेक वर्षं चालल्या. हे तेच ॲडम्स, ज्यांनी फ्रेड आर्चर यांच्याबरोबर ‘झोन सिस्टीम’ बांधली, म्हणजे दृश्यातल्या प्रत्येक उजेडाला कागदावर कोणती छटा द्यायची हे शटर दाबण्याआधी ठरवण्याची रीत. ही रीत त्यांनी पुस्तकांत तपशीलवार लिहून ठेवली होती. पुस्तक पुरेसं ठरलं असतं, तर माणसांना दरीत बोलावण्याचं कारण नव्हतं. १९४१ सालच्या १ नोव्हेंबरला न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळ त्यांनी टिपलेला चंद्रोदय जगप्रसिद्ध आहे. त्या वेळी त्यांना प्रकाशमापक सापडेना, आणि दफनभूमीतल्या क्रूसांवरचा मावळतीचा उजेड तर सरत आलेला. चंद्राची तेजस्विता किती असते हा आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून त्यांनी एक्स्पोजर मनातल्या मनात काढलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रूसांवरचा उजेड गेला होता. ही गोष्ट सहसा प्रतिभेची म्हणून सांगितली जाते. मला ती सरावाची वाटते: जागेवर इतक्या वेळा निर्णय घेतलेले होते, की हत्यार हरवलं तरी हात अडला नाही.

आपल्याकडेही सुरुवात माणसांनी एकत्र येऊन शिकण्यातूनच झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी. एल्फिन्स्टन संस्थेत त्याच सुमारास फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक तयार झाले. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की आज सगळं फुकट उपलब्ध आहे, मग पैसे मोजून डोंगरात कशाला जायचं? यातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. कॅमेऱ्याची तांत्रिक माहिती, म्हणजे ॲपर्चर कशाला म्हणतात, आयएसओ वाढवल्यावर दाणे का येतात, हिस्टोग्राम कसा वाचायचा, ही व्हिडिओवरून उत्तम शिकता येते. पुन्हा पुन्हा पाहता येते हा वर फायदा. कार्यशाळेतला पहिला अर्धा दिवस खोलीत बसवून हेच सांगण्यात घालवणारा शिक्षक विद्यार्थ्यांचा वेळ वाया घालवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ते घरून शिकून यावं. पण व्हिडिओ तुमचा फोटो पाहत नाही. तुम्ही क्षितिज वाकडं धरता, प्रत्येक वेळी विषय बरोबर मध्यभागी ठेवता, डोळ्यांच्या उंचीवरूनच फोटो काढता, गुडघे वाकवत नाही, ही तुमची सवय त्याला ठाऊक नसते. आपल्या चुका आपल्याला दिसत नाहीत म्हणून तर त्या टिकतात. कुणीतरी हाताला धरून दोन पावलं डावीकडे सरकवतं आणि झाडाच्या फांदीआड लपलेला सुळका मोकळा होतो, तेव्हा माहिती आणि नजर यांतला फरक कळतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याला उत्तर द्यायला जास्त जागा लागेल. सहलीतून सगळे एकच फोटो घेऊन येतात, असं म्हणतात. तोच नाणेघाटाचा उलटा धबधबा, तोच कासच्या पठारावरचा फुलांचा गालिचा, तेच फ्लेमिंगो. आयोजक माणसांना ओळीनं उभं करतो, सेटिंग सांगतो, सगळे शटर दाबतात आणि घरी परततात. अशा सहली आहेत, पुष्कळ आहेत. जगभर आहेत. योसेमिटीतच हॉर्सटेल नावाचा एक बारीक धबधबा आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात काही दिवस मावळतीचा उजेड त्यावर असा पडतो की पाणी पेटल्यासारखं केशरी दिसतं. छायाचित्रकार गॅलन रोवेल यांनी १९७३ साली तो टिपला तेव्हा ते एका माणसाचं निरीक्षण होतं. आज त्या दिवसांत तिथे ट्रायपॉडला ट्रायपॉड लागतो. हजारो हातांतून तोच फोटो निघतो, आणि त्यातल्या बहुतेकांना तो उजेड तिथे त्याच दिवसांत का पडतो हे सांगता येत नाही. रोवेल यांच्याकडे होतं ते निरीक्षण या गर्दीच्या हाती लागलेलं नसतं. तिच्या हाती लागतो तो त्याचा ठसा.

पण हा दोष एकाच जागी अनेकांनी उभं राहण्याचा नाही. उलट, अनेकांनी एकाच जागी उभं राहण्यातच या शिक्षणाची सगळ्यात मोठी संधी आहे, आणि ती सहसा वाया जाते. दिवसभर आठ जणांनी एकच ओढा, एकच देवराई टिपलेली असते. संध्याकाळी मुक्कामाच्या घरी भिंतीवर किंवा टीव्हीवर ते फोटो शेजारी शेजारी लावले, की एकाला दिसलेला शेवाळलेला दगड दुसऱ्याला दिसलाच नव्हता हे उघड होतं. एकीनं पाण्यातलं प्रतिबिंब घेतलं, दुसऱ्यानं फक्त पाण्यावर पडलेलं पान. प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी गेला असता, तर फोटोतला फरक ठिकाणांमुळे पडला असं म्हणता आलं असतं. जागा तीच, वेळ तीच, उजेड तोच असताना उरलेला फरक फक्त नजरेचा असतो, आणि आपली नजर कशी आहे हे माणसाला तिथे पहिल्यांदा कळतं. म्हणून संध्याकाळची ही बैठक नसलेली कार्यशाळा मी अपुरी मानतो. तिथे वाहवा करून भागत नाही. हा फोटो का जमला नाही हे आठ जणांसमोर ऐकून घेणं सोपं नसतं. गट लहान असेल, दोन दिवसांची ओळख झालेली असेल, तरच ते ऐकवता आणि ऐकता येतं. पंचवीस-तीस अनोळखी माणसांत कुणी असं बोलत नाही आणि कुणी बोललं तर लागतं.

कोकणकड्यावरचं इंद्रवज्र या बाबतीत फार बोलकं आहे. सकाळी सूर्य पाठीशी असताना खाली कोकणात ढग भरलेले असले, तर त्या ढगांवर कड्याच्या काठावरच्या माणसाची सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती रंगांचं पूर्ण वर्तुळ उमटतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या दख्खनच्या हवामानविषयक लेखनात अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली. त्याचं शास्त्र असं, की प्रत्येकाला ते वर्तुळ स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं, शेजाऱ्याच्या नाही. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या आठ जणांना आठ इंद्रवज्रं दिसतात. सकाळीच का, पश्चिमेकडे तोंड केलेल्या कड्यावरच का, पावसाच्या दिवसांतच का, हे ज्याला समजलं त्याला उद्या दुसऱ्या एखाद्या पश्चिमेच्या कड्यावर, जिथे कुणी सहल नेत नाही, तिथे इंद्रवज्र कधी शोधायचं हे आपोआप कळतं. मावळतीचंही तसंच. जून आणि डिसेंबर यांच्यात सूर्य मावळण्याची जागा क्षितिजावर जवळजवळ ५० अंशांनी सरकते, म्हणून एखाद्या खिंडीत नेमका बसलेला सूर्य वर्षातले मोजके दिवसच मिळतो. फोटो दाखवून ‘असा काढा’ म्हणणारी सहल आणि फोटोमागचं कारण समजावणारी सहल, यांत हा फरक आहे. पहिलीतून माणूस एक फोटो आणतो. दुसरीनंतर त्याला सहलीची गरज उरत नाही, आणि प्रत्येक कार्यशाळेनं नेमकं तेच ध्येय ठेवावं असं मला वाटतं.

कारण सांगणारा माणूस नेहमी फोटोग्राफरच असतो असं नाही. भिगवणजवळ उजनीच्या पाणफुगवट्यावर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. तिथले नावाडी मुळात मासेमारी करणारे; पाणी कुठे उथळ आहे, पक्षी सकाळी कुठे चरतात, वारा कुठून आहे, हे त्यांना रोजच्या कामामुळे माहीत असतं. फ्लेमिंगोसारखा मोठा पक्षी पाण्यावर धावत, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उठतो. वारा आणि सूर्य यांचा मेळ कुठे बसतो हे नावाड्याला विचारलं, तर पक्षी उठेल तेव्हा तो तुमच्याकडे येत असेल आणि उजेड त्याच्या अंगावर असेल अशी जागा सापडते. ही माहिती कुठल्याही लेन्सपेक्षा मोलाची आहे. म्हणून कार्यशाळेत स्थानिक वाटाड्या किंवा नावाडी हा नुसता वाहतुकीची सोय म्हणून नसावा. त्याला बोलतं करावं, त्याचं म्हणणं सगळ्यांनी ऐकावं, आणि त्याला त्याच्या ज्ञानाचे पैसे मिळावेत. शिक्षक उजेड जाणतो आणि तो जागा जाणतो. दोघं नसतील तर शिक्षण लंगडं राहतं.

याच नावेत तिसरा आक्षेप बसलेला आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. फोटोग्राफीच्या सहलींनी निसर्गाचं नुकसान होतं, हे खरं आहे. उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून नाव थव्यात घालायला सांगणारे लोक असतात. चरणारा पक्षी उगाच उडवला की त्याची शक्ती आणि चरण्याची वेळ दोन्ही वाया जातात. दिवसात दहा नावांनी तेच केलं तर त्यानं खायचं कधी? कुरव पक्ष्यांना फरसाण टाकून जवळ बोलावणं हाही त्यातलाच प्रकार. कासचं पठार जांभ्या दगडाचं, त्यावर मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी बोटभर सुद्धा नाही. त्याच पातळ मातीत सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू यांसारखी इवली झाडं उगवतात. त्यांचा फोटो चांगला यायचा तर कॅमेरा जमिनीलगत न्यावा लागतो, म्हणजे आडवं व्हावं लागतं, आणि एका फुलासाठी आडवा झालेला माणूस छातीखाली शंभर फुलं चिरडतो. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या या पठारावर दिवसाला किती माणसं सोडायची यावर मर्यादा घालावी लागली, ऑनलाइन नोंदणी आणावी लागली, ती अशा गर्दीमुळेच. पावसाच्या तोंडावर भंडारदरा-पुरुषवाडीच्या बाजूला काजवे पाहायला लोटणारी गर्दी हे तिसरं उदाहरण. काजव्याचं लुकलुकणं हे जोडीदाराला दिलेलं बोलावणं आहे. गाड्यांच्या दिव्यांत आणि बॅटऱ्यांच्या झोतात ते बोलावणं पोचत नाही. आणि ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

यावर ‘आमची सहल तशी नाही’ असं म्हणून सुटका होत नाही. जिथे माणसं जातात तिथे झीज होते, आठ माणसांमुळेही होते. तरीही माझं म्हणणं असं आहे की ही झीज रोखण्याची शक्यता छोट्या, शिकवणाऱ्या गटातच आहे. गर्दी थांबणार नाही, कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. अडवायचं असेल तर ते कुणीतरी जागेवर, नाव थव्याकडे वळायच्या आधी, आडवं व्हायच्या आधी अडवलं पाहिजे, आणि पन्नास जणांच्या बसमधल्या माणसाला तसं अडवणारं कुणी नसतं. आठ जणांत शिक्षक असतो. पायवाटेच्या कडेला बसून, लांब लेन्सनं, वाटेलगतचंच फूल निवडून तो फोटो घेऊन दाखवू शकतो, आणि तो फोटो चिरडून घेतलेल्या फोटोपेक्षा कमी नाही हेही दाखवू शकतो. काजव्यांचे जे झगमगते फोटो आपण पाहतो, त्यातले पुष्कळसे ट्रायपॉडवर एकाच जागी स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून घेतलेली अनेक लांब एक्स्पोजर एकत्र करून बनवलेले असतात. त्यासाठी अंधारच लागतो, बॅटरी लावली की फोटो बिघडतो. चांगला फोटो आणि काजव्याचं भलं इथे एकाच बाजूला आहेत. हे प्रत्येक ठिकाणी खरं नसतं, आणि जिथे नसतं तिथे फोटो सोडून द्यायला शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो घेऊ नयेत, घ्यायला लावणाऱ्या सहलीला जाऊ नये, यात मला कुठलीही तडजोड मान्य नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. लांबच्या, महागड्या सहलींची जाहिरात फार होते, म्हणून हे शिक्षण पैसेवाल्यांचं असा समज झाला आहे. लडाख किंवा आइसलँडला जाण्यात काही वाईट नाही, पण शिकण्यासाठी लांब जाणं उपयोगी पडत नाही, परत परत जाणं पडतं. एसटीनं जाता येईल अशा एखाद्या तळ्यावर वर्षातून चार ऋतूंत चार वेळा गेलेला माणूस, एकदाच दूर जाऊन आलेल्या माणसापेक्षा जास्त शिकतो. कारण पहिल्या वेळचा चुकलेला निर्णय त्याला दुसऱ्या वेळी सुधारता येतो. महागडा कॅमेराही लागत नाही. फोन आता अनेक एक्स्पोजर आपोआप जोडून काळा कातळ आणि पांढरं पाणी दोन्ही सांभाळतो, त्यामुळे तिसऱ्या परिच्छेदात मांडलेली अर्धी अडचण तो एकटाच सोडवतो. पण कुठे उभं राहायचं, कधी थांबायचं आणि फ्रेममधून काय काढून टाकायचं, हे ठरवणं उभं राहिलेल्या माणसाकडेच राहतं. जुना, दुसऱ्या हातचा कॅमेरा किंवा फोन घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला जो शिक्षक कमी वेळ देतो, त्याच्याकडे शिकायला जाऊ नका.

पुढची प्रकरणं ऋतूंप्रमाणे लावलेली आहेत: पावसाळ्यापासून सुरुवात, कारण सह्याद्रीत शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तेव्हाच असतं आणि कॅमेरेही तेव्हाच सगळ्यात जास्त बिघडतात. भिजलेली लेन्स तशीच बॅगेत ठेवली तर आपल्या दमट हवेत तिच्या आत बुरशी धरते, आणि ती काढणं महागात पडतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायची सवय पहिल्याच पावसात लावून घ्या. प्रकरणं वाचताना प्रत्येक ठिकाणाशेजारी तुमच्या गावाजवळचं तशाच प्रकारचं एक ठिकाण लिहून ठेवा, आणि आधी तिथे जा.

आणि एखाद्या कार्यशाळेचे पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा. एका शिक्षकामागे किती माणसं असतील, एकाच जागी किती वेळ थांबणार आहात, आणि संध्याकाळी सगळ्यांचे फोटो एकत्र बसून पाहणार का, एवढं विचारा. गटात आठ-दहांपेक्षा जास्त माणसं असतील, दिवसात पाच ठिकाणं दाखवायचं आश्वासन असेल, किंवा तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच मिळत नसेल, तर ते पैसे घरी ठेवा आणि येत्या रविवारी तुमच्यासारख्याच तीन-चार शिकणाऱ्यांना घेऊन जवळच्या टेकडीवर सूर्योदयाच्या तासभर आधी जाऊन बसा.